राग गिळणें आणि क्षमा करणें

राग गिळला म्हणजे क्षमा केली, अशी समजूत आपल्या मंडळ्यांत पुष्कळ ठिकाणीं आढळते. बांधावरून तंटा झाला, अगर लग्नकार्यांत मानापमान झाला, कीं वडील माणसें दोघांस समोरासमोर बसवितात, झालें गेलें विसरा म्हणतात, आणि प्रार्थना करून उठतात. दोघेही मान डोलवितात. त्या मान डोलविण्याच्या आड काय दडलेलें असूं शकतें, हें विल्यम ब्लेक नांवाच्या इंग्रज कवीनें एका लहानशा कवितेंत दाखविलें आहे.

ब्लेक (१७५७–१८२७) हा लंडन शहरीं तांब्याच्या पत्र्यांवर चित्रें कोरून पोट भरणारा कारागीर होता. १७९४ सालीं त्यानें आपलीं "अनुभवाचीं गाणीं" स्वतःच कोरून, छापून, हातानें रंगवून काढलीं. त्यांत "विषवृक्ष" ही सोळा ओळींची कविता आहे. तींतील माणूस मित्रावर रागावतो, त्यास तसें सांगतो, आणि राग सरतो. पुढें तो शत्रूवर रागावतो. येथें मात्र तोंड उघडीत नाहीं. मग तो राग रोपासारखा वाढूं लागतो. भीति व आसवें हें त्याचें पाणी. गोड हसणें व कपट हें त्याचें ऊन. शेतकऱ्यास सांगावयास नको कीं, तण आपोआप माजतें. हें झाड तसें नव्हे, त्यास रोज जोपासावें लागतें. अखेर त्यास एक सुंदर फळ येतें. शत्रु रात्रीं बागेंत शिरतो, आणि सकाळीं झाडाखालीं मरून पडलेला दिसतो. धन्यास तें पाहून आनंद होतो, व कविता तेथेंच संपते. त्यानें कोणावर हात उगारिला नाहीं. कोणतेंही न्यायालय त्यास दोषी ठरविणार नाहीं.

ब्लेकच्या वहींतील मसुद्यांत या कवितेचें नांव निराळें होतें: "ख्रिस्ती सहनशीलता". हा आपल्या धर्माचा उपहास आहे असें कोणास वाटेल. मला तसें वाटत नाहीं. खोटें नाणें वाजवून दाखविणारा खऱ्या नाण्याचा वैरी नव्हे. आणि गोड हसून वैर जोपासणें हें नाणें आपल्यांतही चालतें, हें उपदेशकांस ठाऊक आहे.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. ज्याच्या शेतावर उद्यां मजुरीस जावयाचें, त्यास आपला राग कसा सांगावा? ब्लेकची कविता याचें उत्तर देत नाहीं. मत्तय १८ मध्यें प्रभूनें अपराध्याकडे प्रथम एकांतीं जाण्यास सांगितलें. तेवढ्यानें न भागल्यास एकदोघांस बरोबर नेण्यास, आणि शेवटीं मंडळीस कळविण्यास सांगितलें. म्हणजे दुर्बळाचा राग त्याच्या एकट्यावर टाकलेला नाहीं. तो ऐकून घेणें हें मंडळीचें काम आहे.

तें न झाल्यास काय होतें, हें २ शमुवेल १३ मध्यें पाहावें. अम्नोनानें तामारेची अब्रू घेतली. तिचा भाऊ अबशालोम याचा राग न्याय्य होता. पण त्यानें बहिणीस गप्प राहण्यास सांगितलें, आणि स्वतः अम्नोनाशीं एक शब्दही बोलला नाहीं. दावीद राजा संतापला, परंतु त्यानें न्याय केल्याचें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. दोन वर्षें गेलीं. घरांत समेट झाला असेंच बाहेरच्यांस वाटलें असेल. मग बाल-हासोर येथें मेंढरांची लोकर कातरण्याचा प्रसंग आला, अबशालोमानें सर्व राजपुत्रांस बोलाविलें, आणि द्राक्षारस पिऊन अम्नोन खुशींत असतां चाकरांकडून त्यास मारविलें. ब्लेकच्या फळाच्या जागीं येथें मेजवानी आहे, इतकाच भेद.

अम्नोनासच नेण्याचें कारण काय, असें दावीदानें विचारिलेंही होतें. अबशालोमानें फार आग्रह केला, तेव्हां राजानें अधिक चौकशी न करितां त्यास जाऊं दिलें.