सांगणाऱ्याचा धर्म

निष्काम कर्माचा आधार घेऊन आपल्याकडे एक सोयीस्कर युक्तिवाद केला जातो, तो असा की, जे सांगावयाचे ते सांगून झाले म्हणजे सांगणाऱ्याचे कर्तव्य संपले. पुढे ऐकणाऱ्याने काय केले हे फल, आणि फलावर आपला अधिकार नाही. परंतु कर्म कोठे संपते आणि फल कोठे सुरू होते, ही सीमा आखणे वाटते तितके सोपे नाही.

जून १९७२ मध्ये कॅनडातील विंडसर शहराजवळ एका डीसी-१० विमानाचे मागील मालकक्षाचे दार हवेत उघडले, प्रवासीकक्षाची जमीन खचली आणि तिच्याखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा निकामी झाल्या. वैमानिकाच्या कौशल्याने सर्व ६७ जण वाचले. त्याच महिन्यात, विमानाचे धड बनविण्याचा मक्ता असलेल्या कॉनव्हेअर कंपनीतील अभियंता डॅन अ‍ॅपलगेट याने वरिष्ठांस लेखी बजावले की, ही दारे पुन्हा उघडतील आणि तेव्हा विमानच गमवावे लागेल. वरिष्ठांनी, दुरुस्तीचा खर्च आपल्या माथी बसेल या धास्तीने, तो कागद दप्तरी दाखल केला. नियामकानेही सक्तीचा हुकूम न काढता उत्पादकाच्या वचनावर विसंबणे पसंत केले. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ एका तुर्की विमानाचे तेच दार उघडले आणि ३४६ माणसे प्राणास मुकली. त्या विमानाच्या कागदपत्रांवर दुरुस्तीचे शिक्के होते, दुरुस्ती झालेली नव्हती. दार नीट बसले की नाही हे पाहण्यासाठी त्याला एक बारीक झरोका होता, पण त्याविषयीच्या सूचना इंग्रजी व तुर्की भाषांत होत्या, आणि दार लावणाऱ्या कामगारास त्या दोन्ही वाचता येत नव्हत्या.

म्हणजे सत्य लिहिलेले होते, फक्त ते पोचले नव्हते. विदुरानेही द्यूतसभेत स्पष्ट सांगितले; पण धृतराष्ट्राच्या वर फिर्याद नेण्यास दुसरा दरबार नव्हता. विमानविद्येत असा दरबार मुद्दाम निर्माण केलेला असतो, एवढेच नव्हे तर १९७६ पासून अमेरिकेत, कळविणाऱ्याचे नाव गुप्त ठेवून नासा अशी निवेदने स्वीकारू लागली. जेथे दाद मागण्याची वाट मोकळी आहे तेथे दोष योग्य हाती पोचविणे हा कर्माचाच भाग ठरतो, आणि साहेबांच्या मर्जीच्या भयाने त्यांच्याच मेजाशी थांबणारा मनुष्य निष्काम नसून, आपल्या नोकरीच्या फलास सर्वांहून अधिक चिकटलेला असतो.