विरजणाची साक्ष

संडे स्कूलमध्ये वस्तू दाखवून धडा सांगण्याची पद्धत जुनी आहे. मेणबत्ती, छत्री, किल्ली, पेन्सिल असे काहीतरी हातात घ्यायचे, तिच्या भागांना विश्वास, प्रार्थना, पवित्र शास्त्र, मंडळी अशी नावे द्यायची आणि मुलांना घरी पाठवायचे. हेतू प्रामाणिक असतो, पण यात वस्तूकडे कुणी नीट पाहिलेले नसते. धडा आधीच ठरलेला असतो, आणि छत्रीऐवजी चप्पल आणली तरी तोच निघतो. मग वस्तूने शिकवले काय? वस्तूकडून ख्रिस्ती जीवनाविषयी काही शिकायचे असेल तर ती खरोखर कशी काम करते हे पूर्ण मान्य करावे लागते, आपल्या गैरसोयीच्या भागासकट. तसे केले की वस्तू केव्हातरी आपल्याच आवडत्या शिकवणीला आडवी येते, आणि तिथेच ती उपयोगी पडू लागते. येशूचे दाखले या कसोटीला उतरतात, कारण ते पेरणी, मासेमारी, स्वयंपाक यांची खरी माहिती असलेल्या माणसाने सांगितलेले आहेत. त्यांतला मत्तय आणि लूक या दोघांनी नोंदवलेला खमिराचा दाखला एका वाक्याएवढाच आहे: एका स्त्रीने खमीर घेऊन तीन मापे पिठात लपवले आणि शेवटी सगळे पीठ फुगले.

आज खमीर म्हटले की बाजारातले पाकिटातले यीस्ट आठवते. पहिल्या शतकातल्या गालीलात ते नव्हते. तिथल्या बायका कालच्या आंबलेल्या कणकेचा गोळा राखून ठेवत आणि आजच्या पिठात मळत. त्याच्या सगळ्यात जवळची वस्तू मराठी घरात आहे ती विरजण. तेही कालच्या दह्यातून राखलेले असते, जिवंत असते, चमचाभर पुरते आणि एकदा दुधात गेले की वेगळे काढता येत नाही. दाखल्यातली तीन मापे म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण 36 ते 40 लिटर पीठ, शंभराहून अधिक माणसांचे जेवण. अब्राहामाकडे मम्रे येथे तीन पाहुणे आले तेव्हा सारेनेही तीनच मापे पीठ मळले होते. इतक्या पिठाला एक गोळा पुरतो, हे दाखल्यातले आश्चर्य आहे. आतली क्रिया विज्ञानाने पुढे उलगडली. 1857 मध्ये लुई पाश्चरने दुधाच्या आंबण्यामागे सूक्ष्मजीव असल्याचे मांडले. विरजणातले जीवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दुधातली प्रथिने एकमेकांना धरतात आणि सहा-आठ तासांत, थंडीत त्याहून उशिरा, दही लागते. यात बाईचे काम खरे आहे: भांडे स्वच्छ ठेवणे, दूध कोमट करणे, विरजण लावणे, आणि मग ढवळाढवळ न करणे. पण दही ती करत नाही. कृपा आणि प्रयत्न यांच्या नात्यावर धर्मपंडितांनी शतकानुशतके वाद घातला. हा दाखला तो वाद मिटवत नाही, मात्र प्रयत्न कुठे संपतो ती जागा दाखवतो.

विरजणाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा गुण मात्र निराळा आहे. ते घ्यावे लागते. तापवलेले दूध स्वतःहून दही होत नाही. नुसते ठेवले तर नासते. घरातले विरजण संपले की शेजारी वाटी जाते, आणि देणाऱ्याचे दही त्याने कमी होत नाही. कुणी म्हणेल, हिरव्या मिरचीचे देठ टाकूनही दही लागते, मग घेतले कुणाकडून? देठांवरचे जीवाणूच तिथे काम करतात. दुधाबाहेरून काहीतरी आले हे तिथेही खरे आहे. पौल करिंथकरांना प्रभुभोजनाविषयी लिहितो तेव्हा याच रीतीने बोलतो: मला मिळाले ते मी तुमच्या हाती दिले. पुनरुत्थानाच्या साक्षीविषयीही त्याची हीच भाषा आहे. ख्रिस्ती जीवन आपल्या अंतःकरणाच्या चांगुलपणातून आपोआप उगवते असे नवा करार म्हणत नाही. ते कुणाकडून तरी आलेले असते, आणि म्हणून ते पुढे देण्याचे ऋणही आपल्यावर असते.

इथे महाराष्ट्रात आणि गोव्यात एक आक्षेप हमखास येतो: म्हणजे परक्यांचे विरजण. परके होते हे खरेच, पण दूध कुठले होते हेही पाहिले पाहिजे. म्हशीच्या दुधाचे दही गाईच्या दह्याहून घट्ट लागते, कारण विरजणाने दूध बदलले तरी दुधाचा स्वभाव पुसला जात नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1616 मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले, सुमारे 11 हजार ओव्यांचे. ख्रिस्तकथेला त्यांनी ओवी दिली, पुराणाची मांडणी दिली. पुढे 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली आणि 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ उभा केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांपुरता मर्यादित ठेवला नाही. वारकऱ्यांच्या भक्तीवर वाढलेले मन ख्रिस्ताकडे वळले तेव्हा ते भक्तीच करू लागले. आक्षेपाचे अर्धे उत्तर यात आहे.

उरलेले अर्धे अधिक अवघड आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, त्याच गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन होते आणि मधली थोडी वर्षे सोडली तर ते 1812 पर्यंत चालले. 1684 मध्ये स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान निघाले. स्टीफन्स त्या राजवटीच्या बाहेर उभे नव्हते. मग यातले विरजण कोणते? याचा निवाडा दूधच करते. गरम दुधात लिंबू पिळले तर तेही घट्ट होते, आणि तेही आम्लामुळेच. पण ते क्षणात फाटते. चोथा एकीकडे, पाणी दुसरीकडे. विरजणात आम्ल आतून, हळूहळू तयार होते, म्हणून सगळे दूध एकसंध लागते. दंड, भीती, सवलतीचे आमिष यांनी माणसे बदललेली दिसतात आणि बदल लवकर दिसतो, हेच त्यांचे आकर्षण असते. पण माणूस आतून दुभंगतो आणि गावही दुभंगते. म्हणून खमिराचा दाखला सांगणाऱ्या मंडळीला सक्तीचे समर्थन करता येत नाही, ती सक्ती तिच्याच इतिहासातली असली तरी. हे केवळ तीन-चारशे वर्षांपूर्वीचे प्रकरणही नाही. नरकाच्या धाकाने मुलांना प्रार्थनेला बसवणाऱ्या घरात आजही लिंबूच पिळले जात असते.

आता वस्तूचा तो भाग, जो प्रवचनात सहसा वगळला जातो. ज्या येशूने स्वर्गाच्या राज्याला खमिरासारखे म्हटले, त्यानेच शिष्यांना परूश्यांच्या खमिरापासून सांभाळायला सांगितले, आणि लूकने ते खमीर म्हणजे ढोंग असे स्पष्ट केले. वल्हांडणात घरातले खमीर बाहेर काढण्याची आज्ञा आहे. पौलही जुने खमीर काढून टाका म्हणतो. यावरून काही भाष्यकार ठाम सांगतात की शास्त्रात खमीर नेहमी दुष्टाईचेच चिन्ह आहे आणि पिठात लपवलेले खमीर म्हणजे मंडळीत शिरलेली भ्रष्टता. मला हे टिकणारे वाटत नाही. लेवीय पुस्तकाच्या 23व्या अध्यायात पन्नासाव्या दिवशीच्या अर्पणातल्या दोन भाकरी खमीर घालून भाजायच्या आहेत, आणि 7व्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाबरोबर खमिराच्या भाकरी आहेत. चिन्ह जन्मतःच वाईट असते तर परमेश्वरापुढे त्याला जागा मिळाली नसती. संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणुकीवरच्या ग्रंथात नेमके हेच खमिराचे उदाहरण देऊन दाखवले की एकच वस्तू शास्त्रात दोन विरुद्ध अर्थांनी येऊ शकते, जसा सिंह ख्रिस्तासाठीही येतो आणि सैतानासाठीही.

यावर कुणी विचारील, एका वस्तूतून हवा तो अर्थ निघत असेल तर तिचा पुरावा कशाला मानायचा? पण इथे हवा तो अर्थ निघालेला नाही. दोन्ही ठिकाणी वस्तूचे काम तेच आहे: थोडे असणे, न दिसणे, सगळ्यात पसरणे. अस्वच्छ भांड्यात नको ते जीवाणू शिरले की दह्याला तार सुटते, आणि तेही रात्रभर तितक्याच निमूटपणे काम करत असतात. विरजण चांगले की वाईट हे दुधाला आधी कळत नाही. यातून निघणारा धडा कुणालाच सुखाचा नाही. मी आज कोणते पाप केले, एवढाच प्रश्न पुरत नाही. मी रोज काय ऐकतो, कुणाच्या द्वेषाला मान डोलावतो, घरात कोणत्या माणसांविषयी कोणत्या सुरात बोलले जाते, हे सगळे विरजण आहे. त्यातले बहुतेक इतके थोडे असते की कबुलीजबाबात ते आठवतही नाही.

आणखी एक आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. खमीर गुपचूप काम करते, काळ गेला की सगळे बदलते, असे सांगून अन्यायापुढे गप्प बसण्याची सोय होते. जातीविषयी भारतातल्या मंडळ्यांनी ही सोय फार वापरली आहे. बाप्तिस्मा झाला, आता हळूहळू जाईल, असे म्हणत पिढ्या गेल्या आणि सोयरीक ठरवताना जात विचारली जातेच. पण पौलाने काय केले ते गलतीकरांच्या पत्रात आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. याकोबाकडची माणसे आल्यावर तो त्या पंगतीतून उठू लागला, आणि त्याच्यामागे इतर यहुदी, शेवटी बर्णबासुद्धा. हा सरळ पंक्तिभेद होता. पौलाने काळावर सोपवले नाही. सर्वांसमोर पेत्राला तोंडावर विरोध केला आणि त्या वागण्याला ढोंग म्हटले. थोडे खमीर सगळा गोळा फुगवते ही त्याची आठवण त्याच पत्रात, सुंतेच्या वादात येते. न दिसणारे काम पेत्राच्या त्या एका उठण्याने किती झपाट्याने पसरले हे त्याने पाहिले होते, आणि म्हणूनच तो उघड बोलला. शिवाय विरजण वाटीत झाकून ठेवले तर दूध बदलत नाही. धीर धरायचा तो दुधात गेल्यानंतर.

आणि एका जागी विरजण थांबते, ते तिथे थांबू दिले पाहिजे. दूध कोमट हवे म्हणून कुणी ख्रिस्ती माणसाने कोमट असावे असा धडा काढला तर प्रकटीकरणातल्या लावदिकीयाच्या मंडळीला मिळालेली खरड त्याने वाचावी. ती नेमकी कोमटपणासाठी आहे. वस्तूने शास्त्र उजळते, पण शास्त्राविरुद्ध तिची साक्ष चालत नाही. त्याहून मोठी मर्यादा अशी की दुधाला इच्छा नसते. यरुशलेमेवर शोक करताना येशू म्हणतो की मला तुम्हाला गोळा करायचे होते, तुमची इच्छा नव्हती. विरजणाच्या भांड्यात हे कधी घडत नाही. ज्याचे बालपण वाईट विरजणाने लागले त्याचे काय, याचेही उत्तर ही वस्तू देऊ शकत नाही, कारण लागलेले दही पुन्हा दूध होत नाही. त्यासाठी मत्तयाच्या 21व्या अध्यायातल्या दोन मुलांकडे जावे लागते. एकाला बापाने द्राक्षमळ्यात जा म्हटले तेव्हा त्याने तोंडावर नाही म्हटले, आणि नंतर त्याला पस्तावा होऊन तो कामाला गेला.