नकाराचे शील : जिम बनिंग आणि निर्दोषतेचा प्रश्न

निर्दोष असणे आणि चांगले असणे या दोन गोष्टी एकच आहेत का, हा नीतिशास्त्रातील प्रश्न बहुधा संतचरित्रांच्या किंवा तपस्व्यांच्या संदर्भात विचारला जातो. परंतु अमेरिकेतील बेसबॉल या खेळाच्या एका संज्ञेने तो विलक्षण नेमकेपणाने समोर ठेवला आहे. ती संज्ञा म्हणजे ‘परफेक्ट गेम’, अर्थात परिपूर्ण सामना. या खेळात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून 60 फूट 6 इंचांवरील लक्ष्याच्या दिशेने चेंडू टाकतो. क्रिकेटमधील गोलंदाज षटक संपताच चेंडू दुसऱ्याच्या हाती देतो, तर पिचर थकेपर्यंत किंवा त्याला काढून घेईपर्यंत एकटाच टाकत राहतो. प्रतिपक्षाचे नऊ डाव आणि प्रत्येक डावात तीन बाद, या हिशेबाने किमान 27 फलंदाज त्याच्यासमोर येतात, आणि त्यांपैकी एकालाही कोणत्याही कारणाने पहिल्या तळापर्यंत पोहोचता आले नाही, तर तो सामना परिपूर्ण ठरतो. म्हणजे या परिपूर्णतेची व्याख्या संपूर्णपणे नकारात्मक आहे: फटका बसला नाही, चेंडू भरकटला नाही, चूक झाली नाही. जे घडू नये ते घडले नाही, एवढेच तिच्याविषयी सांगता येते.

जिम बनिंग (1931–2017) याने 21 जून 1964 रोजी, अमेरिकेत ‘पितृदिन’ म्हणून पाळल्या जाणाऱ्या रविवारी, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर फिलाडेल्फिया फिलीज संघाकडून खेळताना न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध असा सामना टाकला. एकूण 90 चेंडूंत त्याने 27 फलंदाज परतवले, त्यांपैकी दहा जणांना चेंडूला बॅट नीट लावताच आली नाही, आणि संघ 6–0 असा जिंकला. नॅशनल लीगमध्ये 1880 नंतर, म्हणजे 84 वर्षांत, असे प्रथमच घडले होते. केंटकी राज्यातील कॅथलिक घरात जन्मलेल्या आणि सिनसिनाटीच्या जेझुइट संस्थांमध्ये शिकलेल्या बनिंगने पुढे नगरपरिषदेपासून सुरुवात करून राज्याची सेनेट, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील बारा वर्षे (1987–1999) आणि सेनेटमधील बारा वर्षे (1999–2011) असा राजकीय प्रवास केला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झालेला आणि सेनेटरही झालेला असा दुसरा कोणी नाही. त्यामुळे निर्दोषतेचे शील एका क्षेत्रातून दुसऱ्यात नेले म्हणजे त्याचे काय होते, हे तपासण्यास त्याच्या चरित्रासारखे दुसरे उदाहरण सहज मिळणार नाही.

प्रथम खेळातील निर्दोषतेकडेच थोडे बारकाईने पाहावे लागते, कारण ती दिसते तितकी एकट्याची नाही. शे स्टेडियमवरील त्या सामन्याच्या पाचव्या डावात जेसी गाँडर याने मारलेला जोरकस फटका दुसऱ्या तळाजवळील टोनी टेलर याने झेप घेऊन अडवला आणि गुडघ्यांवरूनच चेंडू फेकून गाँडरला बाद केले. टेलरचा हात चार बोटे मागे राहिला असता, तर बनिंगच्या फेकीत काडीचाही फरक न पडता त्याचा सामना मात्र अपूर्ण ठरला असता. कर्त्याच्या हाती नसलेल्या गोष्टींवर त्याच्या कृतीचे मूल्य अवलंबून राहते, या पेचाला बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये ‘नैतिक दैव’ असे नाव दिले. बेसबॉलच्या इतिहासात त्याचे आणखी तीव्र उदाहरण हार्वे हॅडिक्स याचे आहे: 26 मे 1959 रोजी त्याने बारा डावांत सलग 36 फलंदाज परतवले, तेराव्या डावात सहकाऱ्याच्या चुकीने ही मालिका तुटली, सामना हरला, आणि 1991 मध्ये व्याख्या काटेकोर करण्यात आल्यावर त्याचे नाव परिपूर्ण सामन्यांच्या यादीत राहिले नाही. 27 नव्हे तर 36 जणांना परतवणारा अपूर्ण ठरतो, हे ज्याला खटकत नाही त्याला निर्दोषता हा गुण वाटेल. खरे पाहता ती एक निष्पत्ती आहे, आणि निष्पत्तीत पुष्कळांचे हात असतात.

तरीही पिचरच्या अंगी एक खराखुरा गुण असतो, आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल. समोरच्याला काहीही न देण्याचे, त्याचा प्रत्येक प्रयत्न नाकारण्याचे धैर्य, असे त्याचे वर्णन करता येते. हा नकार खेळात निरागस का असतो, याचे उत्तर बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाच्या 1978 मधील ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथातील व्याख्येत सापडते. सूट्स यांच्या मते खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पार करण्याचा प्रयत्न. या व्याख्येतील दोन्ही शब्द येथे महत्त्वाचे आहेत: अडथळा अनावश्यक आहे, म्हणजे पहिल्या तळावर पोहोचणे ही फलंदाजाची खेळाबाहेरची गरज नाही, आणि तो स्वेच्छेने पत्करलेला आहे, म्हणजे पिचरने आपल्याला नाकारावे ही त्याचीही अपेक्षाच असते. पिचरने दया दाखवून सोपा चेंडू टाकला, तर तो फलंदाजाचा अपमान ठरेल. खेळात दुसऱ्याला नाकारणे हा त्याचा सन्मान असतो, आणि नकाराची किंमत मोजणाऱ्याने ती आधीच मान्य केलेली असते.

ही मान्यता जेथे नसते तेथे काय होते, हे 2010 च्या फेब्रुवारीअखेर दिसून आले. मंदीमुळे अमेरिकेतील बेरोजगारी साडेनऊ टक्क्यांच्या वर गेली होती, दीर्घकाळ काम न मिळालेल्यांच्या भत्त्याची मुदत 28 फेब्रुवारीला संपत होती, आणि अन्य काही योजनांसह त्या भत्त्याला 30 दिवसांची वाढ देणारे सुमारे 10 अब्ज डॉलरचे विधेयक सेनेटपुढे होते. सेनेटमध्ये असे काम लवकर उरकायचे असेल, तर सर्वानुमतीची पद्धत वापरली जाते. कोणीही हरकत घेतली नाही तरच विषय पुढे सरकतो, म्हणून एकच सदस्य ‘माझी हरकत आहे’ असे म्हणून तो रोखून धरू शकतो. बनिंगने ती हरकत घेतली आणि पुन:पुन्हा घेतली. मुदत उलटली, भत्ते खंडित झाले, आणि महामार्ग निधीची मुदतही संपल्यामुळे केंद्रीय वाहतूक खात्यातील सुमारे 2,000 कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसावे लागले.

बनिंगची बाजू लंगडी नव्हती, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नव्या खर्चाची तरतूद आधी करावी, या अर्थाचा कायदा त्याच महिन्यात संमत झाला होता. बनिंगची मागणी भत्ता बंद करण्याची नव्हती. अर्थव्यवस्थेच्या उभारीसाठी राखून ठेवलेल्या, पण खर्च न झालेल्या पैशांतून तो द्यावा, अशी ती होती. आजच्या कर्जाचा भार जन्माला न आलेल्यांच्या माथी मारणे हाही एक अन्यायच आहे. शिवाय एकटे पडण्याची त्याला सवय होती: चार वर्षांपूर्वी बेन बर्नँकी यांच्या मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षपदावरील नेमणुकीला विरोध नोंदवणारा तो एकमेव सेनेटर होता. लोकप्रियतेची पर्वा न करता तत्त्वाला चिकटून राहणारी माणसे लोकशाहीत दुर्मीळ असतात, आणि त्यांची टिंगल करणारे लोक बहुधा स्वत:च्या लवचिकतेला शहाणपण समजत असतात.

प्रश्न तत्त्वाच्या खरेपणाचा नसून नकाराचा भार कोणावर पडला याचा आहे. मॅक्स वेबर यांनी 1919 मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात राजकारणातील दोन नीतींमध्ये भेद केला होता: एक निष्ठेची नीती, जी कृती तत्त्वाला धरून आहे की नाही एवढेच पाहते, आणि दुसरी जबाबदारीची नीती, जी कृतीच्या संभाव्य परिणामांचे उत्तरदायित्व कर्त्याच्याच अंगावर टाकते. उंचवट्यावरील पिचरला या दोन नीतींची फारकत जाणवतच नाही, कारण तेथे नियम आणि परिणाम एकाच रेषेत आखलेले असतात. सभागृहात मात्र हरकत घेणारा सुरक्षित असतो, आणि तिची किंमत ज्याने या खेळात नाव घातलेलेच नाही असा कोणी भाडेकरू किंवा बेकार सुतार मोजतो. पिचरचा तोच गुण, तेच धैर्य, तोच हट्ट येथेही असतो. पण नकार पत्करणाऱ्याची संमती नाहीशी झालेली असते, आणि तिच्याबरोबर त्या गुणाची निरागसताही.

एका कलेतील प्रावीण्य दुसऱ्या क्षेत्रातील शहाणपणाची हमी देत नाही, हे प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’ या संवादात सॉक्रेटिसने कारागिरांविषयी म्हटले होतेच. अॅरिस्टॉटलने त्याचे कारण शोधताना कौशल्यज्ञान, म्हणजे ‘तेख्ने’, आणि व्यवहारविवेक, म्हणजे ‘फ्रोनेसिस’, हे वेगळे केले: पहिल्यात नियम आधी ठरतो आणि कृती त्यात बसवली जाते, तर दुसऱ्यात समोरच्या प्रसंगात काय योग्य आहे हे ओळखण्याची दृष्टी लागते. न्यायाची चर्चा करताना त्याने लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. ती ताठ नसल्यामुळे दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते आणि म्हणूनच वेड्यावाकड्या दगडाचे खरे माप घेते. कायद्याचे शब्द जेथे कायद्याच्याच हेतूला मारक ठरतात तेथे शब्द सोडून हेतू धरण्याच्या या सद्गुणाला ‘समन्याय’ म्हणता येईल, आणि बनिंगच्या स्वत:च्या धर्मपरंपरेतील थोर आचार्य टॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात त्याला न्यायाचाच एक भाग मानले. विशेष म्हणजे तरतुदीचा आग्रह धरणाऱ्या त्या कायद्यातही आणीबाणीच्या खर्चाला सूट ठेवलेली होती. मोजपट्टी शिशाचीच होती.

येथे बनिंगच्या चरित्रातील एका निराळ्या नकाराची आठवण ठेवणे न्यायाला धरून होईल. 1966 मध्ये पोलाद कामगार संघटनेतील मार्विन मिलर यांना खेळाडूंच्या संघटनेचे नेतृत्व देण्यात ज्या मोजक्या खेळाडूंनी पुढाकार घेतला त्यांत बनिंग होता. खेळाडूची कमाई अल्पकाळाची असते, खांदा निखळला की सारे संपते, म्हणून निवृत्तिवेतनाची हमी हवी, ही त्या लढ्यामागची एक मोठी प्रेरणा होती. मालकांना दिलेल्या या नकारातून पुढच्या पिढ्यांच्या खेळाडूंना आधार मिळाला, आणि तो नकार बलवानाला उद्देशून होता. उद्याची भाकरी अनिश्चित असणे म्हणजे काय, हे ज्याला एके काळी कळले होते त्याला 44 वर्षांनंतर ते आठवू नये, ही या चरित्रातील सर्वांत दु:खद गोष्ट आहे.

2 मार्च 2010 रोजी बनिंगने आपल्या दुरुस्तीवर मतदान घेण्याच्या अटीवर वाट मोकळी केली. दुरुस्ती फेटाळली गेली आणि विधेयक 78 विरुद्ध 19 मतांनी संमत झाले. तीन महिन्यांनी, 2 जून 2010 रोजी, बनिंगने ज्या संघातून कारकीर्द सुरू केली त्या डेट्रॉइट टायगर्सचा पिचर आर्मांडो गॅलारागा याने क्लीव्हलंडविरुद्ध सलग 26 फलंदाज परतवले. सत्ताविसावाही स्पष्टपणे बाद होता, परंतु पहिल्या तळावरील पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले. तेव्हाच्या नियमांत असा निर्णय फिरवण्याची सोय नव्हती, आणि नंतर आयुक्तांनीही तो फिरवला नाही. गॅलारागाने वाद घातला नाही. तो किंचित हसला, उंचवट्यावर परतला आणि पुढच्या फलंदाजाला बाद केले. चित्रफीत पाहिल्यावर जॉइस यांनी चूक उघडपणे कबूल करून त्याची क्षमा मागितली. परिपूर्ण सामन्यांच्या यादीत गॅलारागाचे नाव नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर जॉइस मुख्य पंच म्हणून उभे असताना संघाची यादी त्यांच्याकडे नेऊन देण्याचे काम गॅलारागाने केले, आणि ती हातात घेताना जॉइस डोळे पुसत होते.