उसनी बॅटरी



मुकुटबन परिसरात कापसाची ट्रॉली ओढणारे जुने ट्रॅक्टर रात्री मुद्दाम उतारावर उभे केलेले दिसतात. सकाळी सेल्फ लागणार नाही, हे मालकाला ठाऊक असते. दोष बॅटरीला दिला जातो. पण अनेकदा खरा दोष डायनामोचा, ढिल्या पट्ट्याचा किंवा गंजलेल्या टर्मिनलचा असतो.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. म्हणून एकदा सुरू झालेला जुना ट्रॅक्टर चार्जिंग बंद असतानाही दिवसभर नांगरतो. चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही, पण काम चालू असते. मग लक्ष कोण देणार? अंधार पडला की हेडलाइट मंदावतात आणि वणीच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या सायकलस्वाराचा जीव धोक्यात येतो.

मत्तयच्या शुभवर्तमानातील (25:1-13) दहा कुमारिकांचा दाखला ऐकताना अनेकांना प्रश्न पडतो : शहाण्या कुमारिकांनी तेल का दिले नाही? प्रभूने तर शेजारप्रीती शिकवली. मग हा स्वार्थ नव्हे का?

शेजाऱ्याच्या बॅटरीला वायर जोडून आपला ट्रॅक्टर सुरू करता येतो. ही मदत कोणी नाकारू नये. परंतु शेजाऱ्याची बॅटरी रोज उसनी आणून आपला डायनामो दुरुस्त होत नाही. इंजिन बंद करून पट्टा अंगठ्याने दाबून पाहणे, तो साधारण अर्ध्या इंचाहून जास्त दबला तर ताणणे, टर्मिनल घासणे, डिस्टिल्ड वॉटर पाहणे, हे ज्याचे त्यानेच करायचे. तसेच इतरांची प्रार्थना आपल्याला आधार देते. पण आपला पश्चात्ताप दुसरा कोणी करू शकत नाही. आपण ज्याच्याशी अबोला धरला आहे, त्याला आपल्याऐवजी दुसरा क्षमा करू शकत नाही. सद्गुण सवयीने घडतो, असे ॲरिस्टॉटल मानत असे. सवय उसनी मिळत नाही.

मिस्सा, सभा, घरभेटी वेळेवर होतात, म्हणजे आत सर्व ठीक आहे, असे मलाही वाटते. चालू असलेले काम हा पुरावा नव्हे. पुरावा पहाटे मिळतो.

एक गोष्ट विसरू नये. डायनामो स्वतःच्या बळावर फिरत नाही. त्याला इंजिन फिरवते. कृपा देवाची, पट्टा ताणून ठेवणे आपले. या आठवड्यात आपला लाल दिवा जरा पाहू या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

– आपला धर्मगुरू