आधी गाडी बघ, मग रंग उघड

ट्रॉय, मिशिगन

चि. सायलीस,


खोका सुखरूप पोचल्याचं तुझ्या आईने कळवलं. कुठला रंग आणू आणि किती दिवसांत होईल, हे तुझे दोन प्रश्नही पोचले. दोन्हींची उत्तरं देतो, पण त्याआधी बरंच काही सांगायचं आहे आणि ते फोनवर नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्र.

खोक्यात १९५७ सालच्या शेवरले बेल एअर गाडीचं किट आहे. प्रमाण एकास पंचवीस. खरी गाडी दोनशे इंच, म्हणजे सोळा फूट आठ इंच लांब. तुझी बरोबर आठ इंच होईल. पंचवीस हा आकडा पक्का लक्षात ठेव. पुढचे बहुतेक निर्णय त्यावरूनच घ्यायचे आहेत.

मी राहतो त्या ट्रॉय गावातच एएमटी या मॉडेल कंपनीचा कारखाना होता. कंपनी सुरू झाली १९४८ साली. पहिली मॉडेलं ॲल्युमिनियमची होती, म्हणून नाव ॲल्युमिनम मॉडेल टॉइज. लवकरच ती प्लास्टिककडे वळली. ही मॉडेलं मुळात मोटारविक्रेत्यांसाठी असत. नवी गाडी बाजारात आली की तिची छोटी प्रतिकृती शोरूममध्ये ठेवायची, गिऱ्हाईकाच्या मुलाच्या हातात द्यायची, असा रिवाज होता. त्यासाठी मोटार कंपन्या आपली मूळ ड्रॉइंग्ज मॉडेलवाल्यांना देत, आणि रंगही खऱ्या गाडीच्या रंगपत्रिकेतलेच असत. त्यामुळे ती मॉडेलं आकाराला प्रामाणिक असत. प्लास्टिकची सुरुवातीची मॉडेलं सेल्युलोज ॲसिटेटची होती. ती वर्षानुवर्षं हळूहळू वाकतात. छत खाली बसतं, बॉनेट वर उचललं जातं. पुढे पॉलिस्टायरिन आलं आणि हा त्रास संपला. तुझं किट पॉलिस्टायरिनचंच आहे.

१९५८ साली एएमटीने शोरूमची अशी मॉडेलं सुटे भाग करून विकायला काढली. एका खोक्यातून तीन प्रकारची गाडी बांधता येई: कारखान्यातून निघालेली, हौसेने सजवलेली किंवा शर्यतीची. एएमटीसारख्या आणखी कंपन्या होत्या. डेट्रॉइटमध्ये जो-हान होती, शिकागोजवळ मोनोग्राम, कॅलिफोर्नियात रेव्हेल, आणि साठच्या दशकात इथून जवळच माउंट क्लेमन्सला एमपीसी उभी राहिली. अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीने गाडीचं इंजिन पहिल्यांदा पाहिलं ते या प्लास्टिकच्या तुकड्यांत.

त्या काळात अमेरिकन गाडीचं रूप दरवर्षी बदले. नवी जाळी, नवे दिवे, नवे पंख. मॉडेल कंपन्या मग पोलादी साचा तोच ठेवून त्यात नव्या वर्षाप्रमाणे कोरकाम करत. साचा बदलला की जुन्या वर्षाचं मॉडेल पुन्हा काढणं संपलं. म्हणून साठच्या दशकातली कित्येक किटं आता परत निघूच शकत नाहीत, आणि ज्यांच्याकडे न उघडलेला खोका आहे ते तो जिवापाड जपतात. तुझं किट तसं दुर्मीळ नाही, सत्तावन्नची शेवरले आजही बाजारात मिळते. तेव्हा कपाटात जपून ठेवू नकोस. ते बांधण्यासाठीच आहे.

आता मुख्य गोष्ट. खोक्यावरचं चित्र बाजूला ठेव आणि खऱ्या गाडीचे फोटो बघ. सगळ्या बाजूंनी काढलेले, विशेषतः कोपऱ्यांचे. इथे ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरतो. माणसं फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतात आणि समोरून पन्नास-साठ सालच्या गाड्या जात राहतात. मी तिथे जातो तो थांबलेल्या गाड्यांजवळ वाकून बघायला. सत्तावन्नच्या बेल एअरच्या मागच्या डाव्या पंखाजवळ उभं राहिलं की पेट्रोलचं झाकण कुठेच दिसत नाही. पंखाच्या मागच्या कडेला क्रोमची उभी पट्टी आहे, ती उघडते आणि तिच्या आड झाकण आहे. त्याच पंखाखाली, दोन क्रोम पट्ट्यांच्या मधल्या निमुळत्या जागेत बारीक रेघांचा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवलेला आहे. हा बेल एअरचा मान. तिच्याहून स्वस्त असलेल्या टू-टेन मॉडेलात ती जागा नुसती रंगवलेली असे. पुढच्या मडगार्डावर तीन छोट्या सोनेरी खुणा, जाळीही सोनेरी. हे एकदा डोळ्यांत बसलं की पानावरच्या सूचना वाचताना कुठला भाग कशासाठी आहे ते आपोआप कळतं.

असं बघायची सवय लागण्यासाठीच मी तुला हे किट पाठवलं. चिकटवणं आणि रंगवणं महिन्याभरात कुणालाही जमतं. वस्तूकडे नीट बघणं शिकावं लागतं, आणि ते शिकायला यापेक्षा चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही.

आता कामाला लाग. सगळे भाग चौकटीसकट कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून धू आणि वाळव. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून तेलकट द्रव्य वापरतात, ते राहिलं तर रंग धरत नाही. भाग पिरगाळून तोडू नकोस, निपरने काप. बॉडीवर जिथे साच्याचे दोन भाग मिळतात तिथे केसासारखी रेघ असते. पंखांच्या माथ्यावर आणि छताच्या खांबांवर ती हमखास सापडेल. खऱ्या पत्र्यावर अशी रेघ नसते. वॉटर पेपर ओला करून ती घासून काढ. कुठे खड्डा दिसला तर गॅरेजवाले भरतात तशी लांबी भर, वाळू दे, पुन्हा घास. मग काहीही न चिकटवता सगळे भाग एकदा जुळवून बघ. बॉडी चॅसीवर बसते का, बॉनेट इंजिनावर टेकतं का, हे आत्ताच कळायला हवं.

मॉडेलचा गोंद कागद चिकटवायच्या गोंदासारखं काम करत नाही. तो पॉलिस्टायरिनचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात. म्हणून तो उघड्या प्लास्टिकवरच चालतो. जोडाच्या जागी रंग किंवा क्रोम असेल तर पात्याने खरवडून काढ. किटमधले चमकदार भाग निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून केलेले असतात आणि त्या थराला गोंद धरत नाही. काचेच्या भागांना मात्र हा गोंद लावू नकोस, आणि सुपरग्लूही नको, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. काचेला आपला पांढरा फेव्हिकॉल उत्तम. वाळला की पारदर्शक होतो.

इंजिन व्ही-आठ आहे आणि त्याचा रंग नारिंगी. शेवरलेचं हे इंजिन १९५५ साली आलं. सत्तावन्न साली २८३ घनइंचाच्या या इंजिनाला फ्युएल इंजेक्शन जोडून कंपनीने २८३ अश्वशक्ती जाहीर केली. तुला जास्तीचं काम करायचं असेल तर जुन्या वायरीतली तांब्याची बारीक तार घे. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर मागच्या अंगाला असतो. त्यातून आठ तारा आठ स्पार्क प्लगना जातात आणि नववी कॉइलला. चालकाच्या बाजूला १, ३, ५, ७ आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६, ८ असे सिलिंडर. ठिणगी पडते ती १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर तारा त्याच क्रमाने लाव. बॉनेट उघडून बघणाऱ्याला क्रम कळो न कळो, तुला इंजिन कळलेलं असेल.

आता रंग. माझं मत विचारशील तर अंगाला ट्रॉपिकल टर्क्वाइज म्हणजे निळसर हिरवा, आणि छताला इंडिया आयव्हरी. दोन्ही त्या वर्षीच्या शेवरलेच्या यादीतले खरे रंग आहेत. त्या काळात शेवरले बनवणारी जनरल मोटर्स लॅकर मारत असे आणि तो घासून, पॉलिश करून चमक आणली जाई. आजच्यासारखा वरून पारदर्शक थर नसे. म्हणून काचेसारखी ओली चमक या गाडीला शोभत नाही. तिची चमक मऊ हवी.

इथे पंचवीसचा हिशेब कर. तुझ्या रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला, तर खऱ्या गाडीवर तो अडीच मिलिमीटर जाड म्हणायचा. खऱ्या दाराची फट पाच मिलिमीटर धरली, तर तुझ्या मॉडेलवर ती दोन दशांश मिलिमीटर. एक जाड हात मारलास की ती फट बुजलीच. म्हणून प्रायमर पातळ, त्यावर रंगाचे तीन-चार पातळ हात, आणि मधे पुरेसा वेळ. मेटॅलिक रंग घेतलास तर त्यातले चमचम करणारे कण मॉडेलच्या मानाने फार मोठे दिसतात, म्हणून खास मॉडेलसाठीचाच घे. आणखी एक नियम कायमचा: एनॅमलवर लॅकर मारायचा नाही, खालचा थर सुरकुततो. लॅकरवर एनॅमल चालतो.

बॉडीवर कोरलेली बेल एअरची अक्षरं इतकी बारीक आहेत की कुंचल्याने ती नीट उठत नाहीत. तिथे प्रायमरच्या आधीच बेअर मेटल फॉइलचा छोटा तुकडा चिकटव. हा चिकट पाठीचा अतिशय पातळ धातूचा कागद असतो. टूथपिकने दाबून तो अक्षरांत बसव, कडा नव्या पात्याने काप, आणि नेहमीसारखा रंग मार. रंग वाळला की सर्वांत बारीक पॉलिश कापडावर घेऊन नुसत्या अक्षरांच्या माथ्यावरून हळू फिरव. माथ्यावरचा रंग निघतो, खालची चांदी वर येते आणि प्रत्येक अक्षर स्वच्छ सुटं दिसतं. खिडक्यांच्या कडा आणि बाजूच्या पट्ट्या यांना फॉइल रंगकामानंतर लाव.

तू चिपळूणला राहतेस, म्हणून एक गोष्ट बजावून सांगतो. पावसाळ्यात लॅकरचा फवारा मारू नकोस. हवेतला दमटपणा ओल्या रंगात अडकतो आणि वर दुधासारखी पांढुरकी झाक येते. जून ते सप्टेंबर इंजिन, चॅसी, आतल्या सीट अशी कुंचल्याची कामं कर. दसरा-दिवाळीच्या कोरड्या उन्हात बॉडी रंगव. किती दिवस लागतील या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: दिवाळी. रंगवताना तोंडाला चांगला मास्क आणि खिडक्या उघड्या, यात सूट नाही.

अशा कामातून पुढे काय होतं ते सांगतो. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० ते १९६८ या काळात मुलांसाठी एक मॉडेल स्पर्धा चालवली. आधी त्यात राजेशाही बग्गीची प्रतिकृती करायची असे, पुढे मुलं स्वतःच्या कल्पनेतली मोटार घडवू लागली. बक्षीस म्हणून शिक्षणाचा खर्च मिळे. १९४७ साली जिंकलेला चक जॉर्डन जनरल मोटर्समध्ये लागला आणि १९८६ साली तिथल्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. त्या स्पर्धेत मुलींना मात्र प्रवेश नव्हता. पन्नासच्या दशकात डिझाइनप्रमुख हार्ली अर्लने जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागात काही स्त्रियांना घेतलं, तेव्हाही त्यांच्या वाट्याला बहुतेक गाडीच्या आतलं काम आलं, बाहेरचा आकार पुरुषांकडे राहिला. हा अन्याय होता. तुला आज कुणी अडवलेलं नाही. तेव्हा आत-बाहेर सगळं तू कर.

आपल्याकडेही या अमेरिकन गाड्या परक्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती, आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डीसोटो, प्लिमथ जुळवल्या. मुंबईत जुन्या गाड्यांची रॅली निघेल तेव्हा बाबांना घेऊन जरूर जा. मालकाची परवानगी घेऊन जवळून बघ. हात लावू नकोस, फोटो भरपूर काढ.

शेवटची विनंती, आणि ही मी मनापासून करतो. या छंदातल्या बहुतेक घरांत अर्धवट बांधलेल्या गाड्यांची एक पेटी असते. रंगात एक केस अडकला, एक फॉइल तिरपं बसलं, म्हणून काम थांबतं आणि नवा खोका उघडला जातो. तू असं करू नकोस. जसं होईल तसं पूर्ण कर, खाली नाव आणि साल लिही, आणि मगच दुसरं माग. पुरं झालेलं साधं मॉडेल अर्ध्यावर सोडलेल्या उत्कृष्ट मॉडेलपेक्षा केव्हाही मोठं. पूर्ण झालं की कळव, पुढचं किट त्याच दिवशी निघेल.

घरी सर्वांना नमस्कार, तुला खूप आशीर्वाद.

तुझा,
मामाआजोबा