डोकं कुणी थंड ठेवायचं?

आमच्या खात्यात एक शब्द फार स्वस्त झालाय. समजूतदार. नवा पोरगा लागला की जुने सांगतात, बाबा, समजूतदारपणानं रहा. ओव्हरटाईमचे पैसे कापले, समजून घे. साहेब आईवरून बोलला, समजून घे, त्याच्यावरही वरचा दाब आहे. सगळी समज आम्हीच घ्यायची. वरच्याला कुणी समज दिल्याचं मी अजून ऐकलं नाही.

म्हणून या शब्दाचा मला राग होता. मी कविता लिहितो, आणि आपली कविता रागावर उभी आहे हे काही लपवायचं कारण नाही. थंड डोक्याचा माणूस म्हणजे विकला गेलेला माणूस, असं माझं सरळ गणित होतं. एका रातपाळीला ते चुकलं. कसं चुकलं ते मांडतो.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर साईडर आहे. चात्यांवरून फिरायचं, तुटलेली तार जोडायची. उन्हाळ्याचे दिवस. त्या रात्री खात्यात ओलावा सोडणारं मशीन बंद पडलं. हवा कोरडी झाली की तारा पटापट तुटतात, हे डॉफरच्या पोरालाही ठाऊक असतं. एक जोडावी तर पुढं चार तुटलेल्या. पहाटे तीनला सुपरवायझर आला. साठलेला कचरा बघितला, माझ्या जातीचं नाव घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "सवलतीवर आलेल्यांना काम कशाला येईल?"

गिरणी खाजगी. इथं कसली सवलत? दोन वर्षं बदलीवर दारात उभा राहून मी लागलोय.

माझ्या हातात बाबीण होती. हात वर गेला. शेजारच्या फ्रेमवरच्या मामांनी तो धरला.

त्या वेळी दोन माणसं बोलली. एक म्हणाला, "जाऊ दे रे, तू मोठा हो." मामा म्हणाले, "आधी तारा मोजू. मग त्याच्या शब्दाचं बघू. दोन्ही बघायचंय."

दोघंही मला शांतच करत होते. पण दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यानं माझा अपमान माझ्याच पोटात गाडायला सांगितलं. मामांनी फक्त क्रम लावून दिला.

त्यांनी चहाच्या पुडीचा कागद फाडला. चार फ्रेमच्या तुटलेल्या तारा मोजून लिहिल्या, त्यात त्यांची स्वतःचीही फ्रेम होती. चारींचं रडगाणं एकच. ओलाव्याचं मशीन कधी बंद पडलं ती वेळ लिहिली. सकाळी माझ्या नावाचा मेमो तयारच होता. मामांनी तो कागद टेबलावर ठेवला. मेमो मागं गेला. मी बाबीण मारली असती, तर ओलाव्याचं मशीन कुणाला आठवलं नसतं. बाबीण तेवढी आठवली असती.

मग शब्दाचं निघालं. ऑफिसातनं सांगण्यात आलं, समजुतीनं मिटवा. मामा म्हणाले, "मी ऐकलंय. लिहून देतो." आणि सही केली. बाकीचे म्हणाले, मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. त्याच आवाजात त्यांना चहावाल्याची हाक बरोबर ऐकू येते.

मामा आपल्या समाजाचे नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. पुढच्या महिन्यापासून त्यांना सलग रातपाळी लागली. चौकशी अजून चालूच आहे.

मित्रांनो, 1989 चा अॅट्रॉसिटीचा कायदा आपल्याकडं आहे. चारचौघांत जातीवरून अपमान करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. पण चारचौघं बहिरे झाले की कायदा काय करील? त्याला तोंड साक्षीदाराचं लागतं. म्हणून मला सोबतचा माणूस शूर नसला तरी चालेल. त्यानं जे ऐकलं ते ऐकलं म्हणावं आणि जे मोजलं ते लिहावं. शहाणपण म्हणजे माझ्या मते एवढंच, आणि एवढंच फार महाग आहे.

एकीच्या नावानं गप्प बसवणं तर जुनंच आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणाईखात्यात घेत नव्हते. धोट्यातली कांडी बदलली की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा, म्हणून विटाळ. जास्त पगाराचं काम त्या विटाळानं अडवलं. 1928 मध्ये सहा महिन्यांचा मोठा संप झाला. विणाईखातं उघडण्याची मागणी घेणार नसाल, तर आमच्या कामगारांना संपात उतरू नका म्हणून सांगेन, असं बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं. पुढाऱ्यांनी नाइलाजानं ती मागणी घेतली. त्या वेळी एकीच्या नावानं गप्प बसणं सोपं होतं, आणि त्याला शहाणपणही म्हटलं गेलं असतं. पण बाबासाहेबांचं डोकं थंड होतं, म्हणूनच त्यांना दिसलं की जी एकी एका खात्याच्या दारात आपल्याला अडवते ती एकी अर्धीच आहे. पुढं 1938 ला मनमाडला त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकाशी लढताना दुसऱ्याला सूट देऊ नका, हाच त्याचा अर्थ. मामांचं "दोन्ही बघायचंय" मला त्याच हिशेबातलं वाटतं.

आता मूळ प्रश्न. डोकं कुणी थंड ठेवायचं? ज्याला चटका बसला त्याच्याकडं थंडपणा मागायचा कुणाला हक्क नाही. मागायचाच तर तो बाजूला उभ्या असलेल्याकडं मागावा. त्याचा हात भाजलेला नसतो, त्याला मोजता येतं, लिहिता येतं, सही करता येते. तो हे करत नाही आणि मलाच समजूतदार हो म्हणतो, तेव्हा तो मालकाचं काम फुकट करतो.

पण मलाही हिशेब द्यावा लागेल. उद्या शेजारच्या फ्रेमवरची मावशी अपमानित होईल. तेव्हा मी बाजूला उभा असेन, चटका तिला बसलेला असेल. त्या वेळी माझा राग तिच्या काही कामाचा नाही. म्हणून मी आता खिशात कागद-पेन्सिल ठेवतो. कवितेसाठी आधीपासूनच होती. आता तारा मोजायलाही आहे.