कोपऱ्यातला आकडा

बसा. घाई नाही. आज एकाच पानाजवळ थांबायचं आहे, आणि तेही आपण कधी हातात न धरलेल्या पानाजवळ.

टाइप केलेलं एक पान डोळ्यांसमोर आणा. वर कंपनीचं नाव, तारीख, कुणाकडून कुणाला. खाली चार-पाच परिच्छेद. समासात कुणीतरी पेनानं दोन शब्द खरडलेत. भाषा अगदी सौम्य, हापिसातली. कुणाचं वाईट व्हावं असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. आणि खाली कोपऱ्यात शिक्क्यानं उमटवलेला एक लांबलचक आकडा.

त्या आकड्यापाशी जरा रेंगाळा. पान लिहिलं गेलं तेव्हा तो तिथं नव्हता. वीस-तीस वर्षांनी न्यायालयानं कागद हजर करा म्हटलं, पान कपाटातून निघालं, आणि ते हरवू नये, बदललं जाऊ नये, मागाहून कुणी हात झटकू नयेत म्हणून त्याच्यावर तो आकडा पडला. वकील त्याला बेट्स नंबर म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयानं तंबाखू कंपन्यांचे असे एक कोटीहून अधिक दस्तऐवज जगाला खुले करून ठेवले आहेत. कुणीही, कुठूनही, फुकट वाचावेत. आता त्यांच्या शेजारी औषधं, रसायनं आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांचे कागदही येऊन बसले आहेत.

मनात येईल, परभणीत बसून याचं आपल्याला काय? येऊ द्या. हा प्रश्न हुसकावू नका, तो बरोबर राहू द्या.

आता त्या कागदांच्या जवळ राहिलेल्या एका माणसाकडे वळू. मेरिल विल्यम्स. १९८८ च्या सुमारास केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात, ब्राउन अँड विल्यमसन या सिगारेट कंपनीचं काम पाहणाऱ्या वकिलांच्या कार्यालयात तो साधा साहाय्यक होता. त्याचं काम काय, तर कंपनीचे जुने कागद वाचायचे आणि त्यांची वर्गवारी करायची. पान उघडायचं, वाचायचं, खूण करायची, पुढचं घ्यायचं. तो स्वतः सिगारेट ओढायचा. दिवसभर वाचायचं ते याच धुरानं शरीरात काय होतं त्याबद्दल, आणि कंपनीला ते कधीपासून ठाऊक होतं त्याबद्दल. काही काळानं तो पानं कपड्यांखाली लपवून बाहेर नेऊ लागला, त्यांच्या प्रती काढून परत ठेवू लागला. १९९३ मध्ये त्याच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झाली.

त्याला नायक करायची घाई नको. त्याच्यावर खटला झाला, त्याच्या हेतूंबद्दल बरंच बोललं गेलं, आणि ते सगळंच खोटं होतं असंही नाही. आपण फक्त त्याच्या टेबलापाशी बसायचं. दिवसाचे आठ तास एखादी गोष्ट वाचत राहायची आणि घरी गेल्यावर ती माहीत नसल्यासारखं वागायचं, हे किती दिवस जमेल? तुम्ही कुठं नोकरीला असाल, तर तुमच्याही टेबलावरून काही कागद जातात. त्यांतला एखादा आठवतो का? आठवला तर आठवू द्या. लगेच काही करायचं नाही.

मे १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच विद्यापीठातले प्राध्यापक स्टँटन ग्लँट्झ यांच्याकडे एक खोकं आलं. पाठवणाऱ्याच्या जागी नाव होतं 'मिस्टर बट्स', म्हणजे एका व्यंगचित्रमालिकेतलं सिगारेटचं पात्र. आत ब्राउन अँड विल्यमसनची सुमारे चार हजार पानं. ग्लँट्झ यांनी ती ग्रंथालयाच्या हवाली केली. कंपनीनं आधी खासगी गुप्तहेर लावून वाचायला कोण येतं यावर पाळत ठेवली, मग कागद परत मिळावेत म्हणून ती कोर्टात गेली. कोर्टानं नकार दिला आणि १९९५ च्या मध्यावर ती पानं इंटरनेटवर आली. पण खरा लोंढा आला १९९८ मध्ये. मिनेसोटा राज्यानं लढलेल्या खटल्याची तडजोड झाली, आणि त्या वर्षाअखेर ४६ राज्यांबरोबर झालेल्या करारात कंपन्यांना आपले कागद लोकांसाठी खुले ठेवणं भाग पडलं. पैशांच्या रकमा लोक विसरले. कागद राहिले.

आता लिहिणाऱ्याकडे या. इथं मनाला जरा जास्त वेळ लागतो, कारण त्याच्यावर चिडणं सोपं आहे.

डिसेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख एकत्र बसले. उंदरांच्या कातडीवर धुराचा डांबरी अर्क लावला की गाठी येतात, हे तोवर छापून आलं होतं. पुढच्या ४ जानेवारीला चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत त्यांची जाहिरात झळकली: लोकांचं आरोग्य ही आमची पहिली जबाबदारी, आम्ही संशोधन करू. १९५७ च्या एका अंतर्गत कागदात फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी 'झेफिर' हे सांकेतिक नाव वापरलेलं आहे. झेफिर म्हणजे वाऱ्याची मंद झुळूक. १९८५ मध्ये ब्राउन अँड विल्यमसनच्या एका वकिलानं लिहून ठेवलं, की संशोधनाचे काही कागद अडगळ म्हणून बाजूला काढावेत, देशाबाहेर पाठवावेत, आणि याबद्दल कुणी लेखी टिपण करू नये. हे त्यानं लेखी टिपणात लिहिलं. माणूस कागदावर किती विसंबतो बघा.

हा लिहिणारा डोळ्यांसमोर आणा. टाय लावलेला, पोरांच्या शाळेची फी भरणारा, साहेबानं सांगितलेलं काम वेळेत देणारा. ज्याचं फुप्फुस कुजणार तो माणूस त्याच्या खोलीत नाही. त्याच्यासमोर आहे फक्त एक पान, आणि पानाला खोकला येत नाही.

इथं थांबा. पुढं आपल्याच मुलखात यायचं आहे.

आपल्याकडे तंबाखू आहेच. पारावर चंची उघडते, चुना लावून तळहातावर मळणी होते. मिश्री लावल्याशिवाय सकाळ सुरू न होणाऱ्या बाया आजही खेड्यांत आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांपैकी सुमारे सत्तावीस जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. ओढणारे त्यांत चारसुद्धा नाहीत, बाकी सगळी तोंडात धरणारी. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा तो ढीग मुख्यतः आपल्या तंबाखूचा नव्हे. मिश्री भाजणाऱ्यानं कुणाला कधी गोपनीय पत्र लिहिलं? गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर तो कसा मिळतो हे कुणाला सांगायला नको. त्या धंद्याचं तर काहीच कागदावर नसतं. दोष सिद्ध करायला कागद लागतो, आणि कागदच नसलेल्या धंद्यावर बेट्स नंबर कुठं मारणार?

आता २०१७ चा पावसाळा आठवा. तुमच्या शेतात त्या वर्षी काय होतं? बहुतेकांना पहिल्यांदा बोंडअळी आठवेल. सेलू, मानवत, पाथरी, कुठंही विचारा. कपाशीच्या कैऱ्या फोडून बघितल्या की आत गुलाबी अळी, आणि सरकी पोखरलेली.

त्याच पावसाळ्यात दूर काही पानं उघडी पडत होती. जुलैत रॉयटर्सनं फिलिप मॉरिस कंपनीचे अंतर्गत कागद प्रसिद्ध केले. भारतातल्या तरुणांपर्यंत कसं पोचायचं, टपऱ्यांवरच्या जाहिराती कशा असाव्यात, याचे तपशील त्यांत होते. सगळं कायद्याला धरून आहे, असं कंपनीनं सांगितलं. जुलैच्याच अखेरीस अमेरिकेच्या ओरेगनमधल्या कॅरोल व्हॅन स्ट्रम या बाईंनी कित्येक वर्षं आपल्या गोठ्यात सांभाळलेले कीटकनाशकांविषयीचे हजारो कागद स्कॅन होऊन खुले झाले. ऑगस्टच्या सुरुवातीला वकिलांनी मोन्सॅन्टोचे ईमेल जाहीर केले. विषय होता ग्लायफोसेट, म्हणजे चोर बीटीच्या, विनापरवाना कपाशीच्या, वावरात सर्रास मारलं जाणारं ते तणनाशक. त्याआधीच मार्चमध्ये उघड झालेल्या कंपनीच्या एका ईमेलात, खर्च वाचवायला मजकूर आपणच लिहावा, शास्त्रज्ञांनी तो फक्त तपासून त्यावर नाव घालावं, असा विचार मांडलेला होता.

आणि त्याच आठवड्यांत हिंगोलीच्या पुढं, पैनगंगेपलीकडे, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात फवारणी करणारी माणसं येऊ लागली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. दमट ऊन, बॅटरीवरचे नवे पंप, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, अंगावर साधा सदरा. फवारा वर मारायचा आणि तो तोंडावर उतरायचा. उलट्या, घेरी, डोळ्यांना दिसेनासं होणं. जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, शेकडोंनी भरती झाली. दवाखान्याला नाव वसंतराव नाईकांचं, जे आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठालाही आहे. हा केवळ योगायोग, पण माझ्या मनातून जात नाही.

दोन्ही चित्रं एकदम मनात धरता येतात का बघा. तिकडं स्कॅनरच्या काचेवर पान ठेवलं जातंय. इकडं कॉटवर सालगड्याच्या हाताला सलाइन लागतंय. एकाला दुसरा माहीत नाही. चीड आली तर तीही बसू द्या शेजारी, तिला बोलू देऊ नका इतकंच.

कारण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. कंपनीच्या कपाटातलं पान ही निम्मीच गोष्ट आहे. कंपनीला काय ठाऊक होतं हे त्यातून कळतं. कुणाला काय झालं, हे त्यात नसतं. तो निम्मा कागद आपल्याकडे तयार होतो, आणि त्याला कोपऱ्यात आकडा कुणी देत नाही.

यवतमाळमध्ये तो थोडाफार तयार झाला. पोलिसांनी जबाब घेतले, कोणी कोणतं औषध मारलं ते लिहिलं. त्या नोंदींत विषबाधेच्या ९६ प्रकरणांत 'पोलो' या कीटकनाशकाचं नाव आलं, त्यांतले दोघं दगावलेले. पोलो सिन्जेन्टा या स्विस कंपनीचं. त्यातलं डायफेन्थियुरॉन हे रसायन युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये आधीच बंद झालेलं होतं. पब्लिक आय या संस्थेनं स्विस सरकारकडून निर्यातीच्या नोंदी मिळवल्या: २०१७ मध्ये तिथून भारतात ७५ टन. आपल्या औषधामुळे हे झालं, हे कंपनीनं नाकारलं आहे. पण २०२० मध्ये ५१ शेतकऱ्यांची तक्रार स्वित्झर्लंडला पोचली, आणि वाचलेला एक शेतकरी व दोन विधवा यांचा दावा बासेलच्या कोर्टात गेला. १ जानेवारी २०२१ पासून त्या देशानं या रसायनाची निर्यातच थांबवली. यवतमाळच्या ठाण्यात हवालदारानं बॉलपेननं लिहिलेलं एक नाव कुठवर गेलं, ते मनात एकदा चालून बघा. सावकाश, ठाण्यापासून बासेलपर्यंत.

आणखी एक ठिकाण, त्याहून जवळचं. जालना. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी तिथं महिको सुरू केली. या कंपनीच्या बीटी वांग्याच्या सुरक्षा-चाचण्यांचे कागद सरकारकडे होते, लोकांकडे नव्हते. २००६ मध्ये ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात ते मागितले. आपल्या कायद्यात कलम ८(१)(ड) आहे: व्यापारी गुपित देता येत नाही. पण त्याच कलमाच्या शेपटीला जोडलेलं आहे, की व्यापक जनहित असेल तर द्यावं लागतं. भांडण माहिती आयोगात गेलं, उच्च न्यायालयात गेलं. शेवटी २००८ मध्ये, दुसऱ्या एका याचिकेत, सर्वोच्च न्यायालयानं विषारीपणा आणि ॲलर्जी यांची माहिती लोकांसमोर ठेवायला सांगितली आणि कागद खुले झाले. बाहेरच्या शास्त्रज्ञांनी ते वाचले, उलटसुलट मतं दिली. नागपूरसकट सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लागवडीला स्थगिती दिली. स्थगिती बरोबर की चूक, यावर आपल्या विद्यापीठाच्या कँटीनमध्येही दोन तट पडतील. पडू देत. वाद घालणाऱ्यांच्या हातात पानं होती, आणि वांगं अजून ताटात आलेलं नव्हतं.

आता परत घरी या. फळीवर, पत्र्याच्या पेटीत, गादीखाली जे कागद आहेत ते मनातल्या मनात उलटा. सातबारा नीट जपलेला असेल. पीकविम्याची पावती असेल. कृषी सेवा केंद्राचं औषधाचं बिल? बहुधा नाही, उधारीवर घेतलं, वहीत मांडलं, संपलं. घरातल्या कुणाला फवारणीनंतर उलट्या झाल्या होत्या, तेव्हाचा केसपेपर? त्यावर काय लिहिलं आहे, औषधाचं नाव की नुसतं 'विषबाधा'? रिकामी बाटली तर धुऊन कुणीतरी पाण्याला घेतली असेल.

हे आठवून कुणाला बोल लावायचा नाही. फक्त आपल्या निम्म्या कागदाची जागा कुठं रिकामी आहे, ते बघून घ्यायचं.

बघून झालं असेल तर उठा. या खरिपात परभणीच्या जिल्हा रुग्णालयात विषबाधेचे किती रुग्ण आले, आणि त्यांच्या नोंदीत कीटकनाशकाच्या नावाचा रकाना आहे की नाही, हे विचारणाऱ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये शुल्क लागतं, आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.